वजनकाटा बाजूला ठेवून योगाला सुरुवात

वर्गात नव्याने आलेला माणूस सतरंजीवर बसता बसता विचारतो, "पोट जायला किती दिवस लागतील?" प्रश्न रास्त आहे, मी तो कधी टोलवत नाही. पोटात साठलेली चरबी खरंच काळजीची गोष्ट आहे. पण "अमुक आसन करा, पोट आत जाईल" एवढं ऐकून आलेली माणसं महिनाभरात निराश होऊन निघून जातात, आणि त्याची मला फार चुटपुट लागते. नेमका त्यानंतर योगाचा गुण यायला लागणार असतो.

पुढे दिलेला क्रम अगदी नवख्यांसाठी आहे. साधारण बारा आठवडे धरा. एखादी पायरी अंगवळणी पडायला जास्त दिवस लागले तर लागू द्या.

आधी चरबीचा हिशेब

चरबी शरीराला हवीच असते. ती शिलकीतली ऊर्जा आहे, अवयवांना गादीसारखा आधार देते, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शोषायला लागते, संप्रेरकांच्या कामातही तिचा वाटा असतो. बाईच्या शरीरात ती पुरुषापेक्षा जास्त असणं हे निसर्गाला धरूनच आहे. प्रश्न ती किती आहे याचा आहे, आणि त्याहून जास्त, कुठे आहे याचा.

एक चरबी कातडीखालची, चिमटीत येणारी. दुसरी पोटाच्या आत, यकृताच्या आणि आतड्यांच्या भोवती, चिमटीत न येणारी. मधुमेह, हृदयविकार, यकृतात चरबी साठणं या सगळ्यांशी दुसरीचं नातं जास्त घट्ट आहे. म्हणून हातपाय बारीक आणि पोट मात्र गोल, अशा माणसाने "माझं वजन तर बेताचंच आहे" म्हणून निर्धास्त राहू नये.

आता ती जाते कशी? खाण्यातून आलेली ऊर्जा खर्चाला पुरेनाशी झाली की पेशींतली चरबी सुटी होऊन रक्तात येते आणि स्नायू, हृदय, यकृत ती वापरतात. रक्त ती सगळ्या शरीरातून गोळा करतं. कुठला स्नायू राबतोय हे पाहून त्याच्या शेजारची चरबी उचलली जात नाही. नौकासनाने (बसून पाय आणि छाती नावेसारखी वर उचलून धरणं) पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्यावरचा थर त्यामुळे वेगळा पातळ होत नाही.

बहुतेकांना वाटतं की चरबी घामावाटे जाते. खरं म्हणजे 10 किलो चरबी पूर्ण वापरली गेली तर तिच्यातली सुमारे 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. हे सांगितलं की लगेच कुणीतरी जोरजोरात श्वास सोडून बघतं! त्याने काही साधत नाही, नुसती चक्कर येते. कार्बन डायऑक्साइड तयार होण्यासाठी आधी शरीरात काम घडावं लागतं.

आणि आसनांत तसं काम बेताचंच होतं. सावकाश केलेल्या आसनांत ऊर्जा खर्च होते ती साधारण रमतगमत चालण्याइतकी. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, म्हणजे नुसत्या आसनांच्या भरवशावर बसलात तर वाट लांबची आहे. तरीही मी योगच सांगते, कारण चरबी साठते ती भरभर आणि जास्त खाण्याने, तासन्‌तास बसून राहण्याने, अर्धवट झोपेने आणि न उतरणाऱ्या ताणाने. या चारही ठिकाणी योग हात घालतो. तैत्तिरीय उपनिषदात माणसाचे पाच कोश सांगितले आहेत: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. शरीराला तिथे थेट अन्नाचं बनलेलं म्हटलंय, आणि त्याच्या आत श्वास, त्याच्या आत मन. पोटाचा घेर सगळ्यात बाहेरच्या थरावर दिसतो. त्याची मुळं बहुधा आतल्या दोन थरांत असतात.

पायरी पहिली: टेप, वही आणि डॉक्टर

शिवणकामाचा साधा टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या मध्ये टेप आडवा गुंडाळा. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तो संपल्यावर आकडा वाचा. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची 160 सेंटिमीटर असेल तर घेर 80 च्या आत.

वहीत आणखी तीन नोंदी करा. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच मोजलेली मिनिटाची नाडी. रात्रीची झोप किती तास झाली. आणि किती जिने चढल्यावर धाप लागते. वजन करायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी. पाणी, मीठ, शौचाला झालं की नाही, एवढ्यानेही काटा दिवसभरात किलोभर इकडेतिकडे होतो. माझ्या वर्गातल्या एक बाई सकाळ-संध्याकाळ वजन करायच्या आणि काटा दोनशे ग्रॅमने चढला की त्या दिवशी जेवायच्या नाहीत. मग रात्री उशिरा भूक अनावर होऊन नको तेवढं खाणं व्हायचं. काटा कपाटावर ठेवला आणि महिन्याभरात त्यांचं जेवण मार्गी लागलं. शरीरातली चरबी टक्क्यांत दाखवणारे काटे अंगातून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज बांधतात. तुम्ही पाणी किती प्यायलात यावरसुद्धा तो आकडा हलतो, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

रक्तदाब, हृदयविकार, मणक्यातली सरकलेली चकती, हर्निया, काचबिंदू, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि शिकवणाऱ्यालाही सांगा. खाण्यापिण्यात काही बदल नसताना वजन वाढत असेल, सतत थकवा असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. तिथे आसनांचा उपाय पुरेसा नाही. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करावा की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारून ठरवावं.

पायरी दुसरी: आडवं पडून श्वास

पहिला आठवडा मी कुणाला उभं राहू देत नाही. उताणे पडा, गुडघे वाकवून तळवे जमिनीला टेकवा. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या जरा वर. काही बदलायचं नाही, फक्त बघायचं: आधी कुठला हात उचलला जातो?

नव्या माणसाच्या बाबतीत बहुतेकदा छातीवरचा हात वर येतो, पोटावरचा जागचा हलतही नाही. काहींचं पोट तर श्वास घेताना उलट आत जातं. यात त्यांचा दोष नाही. पोट दिसू नये म्हणून वर्षानुवर्षं ते आत ओढून धरलेलं असतं, आणि ओढून धरलेल्या पोटाखाली श्वासपटलाला खाली सरकायला जागाच मिळत नाही. त्यांना मी म्हणते, "इथे कोणी बघत नाहीये. पोट सोडा." चार-पाच श्वासांनंतर हाताखाली पोट हळूच फुगतं, आणि पाठोपाठ खांदे जमिनीला टेकतात. ते टेकेपर्यंत ते वर उचललेले होते हेसुद्धा त्या माणसाला माहीत नसतं.

हे जमलं की मोजणी सुरू करा. मनात चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत नाकानेच सोडा. एक अंक म्हणजे साधारण एक सेकंद. असे मिनिटाला सहा श्वास होतात; स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एरवी मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, कारण त्या वेळी मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो. उच्छ्वास लांबवला की त्याला जास्त अवधी मिळतो. चार-सहा जड जात असेल तर तीन-चार करा. श्वास कोंडून धरायचा नाही. गुदमरल्यासारखं वाटलं तर मोजणी सोडून द्या आणि नुसते पडून राहा.

सकाळी दहा मिनिटं, रात्री दहा मिनिटं. आठवडाभर एवढंच. कंटाळवाणं वाटेल, पण पुढची प्रत्येक पायरी याच श्वासावर उभी आहे, म्हणून आग्रह धरते.

पायरी तिसरी: आसनं, आणि आसनांपलीकडचं चालणं

पतंजलींनी आसनाची व्याख्या दोन शब्दांत केली: स्थिरसुखमासनम्. स्थिरही हवं आणि सुखाचंही. घरी करताना याची परीक्षा सोपी आहे. आसनात असताना नाकाने शांत श्वास चालू आहे का? एक वाक्य न अडखळता बोलता येतंय का? येत नसेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त ताणलंय, थोडं मागे या. ताण जाणवावा, बोचरी कळ येऊ नये.

पोट रिकामं हवं. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. क्रम असा ठेवा: ताडासन (ताठ उभं राहणं), उत्कटासन, वीरभद्रासन (एक पाय पुढे घेऊन गुडघ्यात वाकवणं) दोन्ही बाजूंनी, मग हातागुडघ्यांवर येऊन मार्जरासन (मांजरासारखी पाठ वर-खाली करणं), पालथं पडून भुजंगासन (छाती वर उचलणं), उताणं होऊन सेतुबंधासन (गुडघे वाकवून नितंब उचलणं), शेवटी शवासन (अंग सैल सोडून पडून राहणं). प्रत्येक आसनात पाच शांत श्वास. अर्ध्या तासाच्या आत सगळं उरकतं. शवासनाची पाच मिनिटं मात्र कापू नका. घाईच्या दिवशी सगळे नेमकं तेच गाळतात.

यातलं एकच आसन तपशिलात सांगते, कारण नवख्यांना त्याचा गुण सगळ्यात लवकर येतो. उत्कटासन म्हणजे न दिसणाऱ्या खुर्चीवर बसणं. पाय नितंबांच्या रुंदीइतके फाकवा. हात समोर. आता मागे खुर्ची आहे असं समजून नितंब मागे न्या आणि मग खाली. आधी मागे, मग खाली. गुडघे पुढे ढकलत बसलात तर सगळा भार त्यांच्यावर येतो. खाली बघा, पायाचे अंगठे दिसले पाहिजेत. टाचा जमिनीवर घट्ट. तिसऱ्या श्वासाला मांड्या थरथरायला लागतात आणि माणूस श्वास रोखून दात आवळतो. तिथेच उच्छ्वास लांब करा. कष्ट होत असतानाही श्वास शांत ठेवता येतो हे शरीराला तिथे कळतं, आणि हीच गोष्ट पुढे चिडचिडीच्या वेळी, खा-खा सुटते तेव्हा उपयोगी पडते. सुरुवातीला मागे खरोखरची खुर्ची ठेवा आणि अलगद टेकून उठा. मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी आहेत. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून पोटाची चिंता असणाऱ्यांना मी आधी पाय बळकट करायला सांगते.

अंगाने जड असलेल्यांसाठी थोडं वेगळं. पुढे वाकताना पोट आड येतं, तेव्हा पाय फाकवा, पोटाला जागा करून द्या. जमिनीवर बसणं-उठणं अवघड असेल तर पहिले सहा आठवडे खुर्ची आणि भिंत यांच्या आधाराने सगळं करा. भिंतीला हात लावून केलेलं वीरभद्रासन तितकंच खरं असतं. वर्गात कोणी तुमच्या शरीरावर टोमणे मारत असेल, तर दुसरा वर्ग शोधा.

महिन्याभराने सूर्यनमस्कार घ्या. पहिल्या आठवड्यात दोन किंवा तीन, अगदी सावकाश, प्रत्येक स्थितीत श्वास पूर्ण करून. मग जमेल तसा एकेक वाढवा. आज आपण करतो त्या रूपात ते हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी रोजचा व्यायाम म्हणून त्यांचा मोठा प्रसार केला. व्यायाम म्हणून ते उत्तमच आहेत, फक्त मनगट किंवा गुडघा दुखत असताना आकड्यांची शर्यत लावू नका.

कपालभातीबद्दल, म्हणजे पोट आत मारत झटक्याने श्वास सोडण्याच्या क्रियेबद्दल, वेगळं बोलायला हवं. चरबी जाळण्याचा हुकमी उपाय म्हणून पहिल्याच दिवशी शेकडो झटके मारणारी माणसं मी पाहिली आहेत. हठयोगात ती षट्कर्मांपैकी, म्हणजे शुद्धिक्रियांपैकी एक आहे. महिनाभर साधा श्वास जमल्यावर, शिकवणाऱ्यासमोर, 20 झटक्यांची एक फेरी अशा तीन फेऱ्या सुरुवातीला पुष्कळ झाल्या. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स, काचबिंदू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ती करू नये.

आणि चाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. उभ्याची आसनं दुसरी गरज बऱ्यापैकी भागवतात, पहिलीसाठी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणं हवं. बैठं काम असेल तर अर्ध्या तासाने एकदा तरी उठा.

पायरी चौथी: जेवण

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात मिताहार, म्हणजे बेताचं खाणं, सांगताना पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवायला सांगितलंय. सल्ला जुना आहे आणि आजही तंतोतंत लागू पडतो, पण तो पाळायचा कसा? पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत ताट संपवणाऱ्याला रिकामा हिस्सा कळणार कुठून! म्हणून काय खाऊ नये याची यादी मी आधी देत नाही, आधी वेग कमी करायला लावते.

दिवसातलं एकच जेवण निवडा. फोन दुसऱ्या खोलीत. जेवायला बसल्यावर घास उचलण्याआधी चार-सहाचे तीन श्वास. पहिला घास तोंडात पूर्ण पातळ होईपर्यंत चावा आणि तोवर हात रिकामा ठेवा. पुन्हा वाढून घ्यायच्या आधी परत तीन श्वास घ्या आणि बघा, भूक पोटात आहे की जिभेवर? पोटात असेल तर खुशाल घ्या. नसेल तर बहुतेक वेळा हात आपोआप थांबतो. दोन आठवड्यांनी दुसऱ्या जेवणालाही हेच.

ताटातला निम्मा भाग भाज्यांचा, प्रत्येक जेवणात प्रथिनांचा काहीतरी पदार्थ, आणि तहानेला गोड पेयांऐवजी पाणी, एवढं सांभाळलंत तरी पुष्कळ फरक पडतो. उपासमार करू नका. झपाट्याने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि वजन परत येतं तेव्हा बहुतांशी चरबीच येते. आठवड्याला अर्धा ते एक किलो, याहून घाई नको. योगातल्या यमांमध्ये, म्हणजे वागण्याच्या नियमांमध्ये, अहिंसा पहिली आहे, आणि ती स्वतःच्या शरीरालाही लागू आहे असं मी मनापासून मानते. उपाशी राहून स्वतःला शिक्षा देणं तिच्यात बसत नाही.

पायरी पाचवी: झोप

प्रौढांना किमान सात तास झोप लागते. ती तुटली की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं, तृप्ती देणारं लेप्टिन घटतं, आणि दुसऱ्या दिवशी गोडाधोडाकडे मन ओढ घेतं. त्याला आपण इच्छाशक्ती कमी असल्याचं लक्षण समजतो, आणि उगाच स्वतःला बोल लावतो. झोपण्याच्या तासभर आधी टीव्ही आणि फोन बंद. मग भिंतीला नितंब टेकवून पाय वर, पाच मिनिटं (काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे सोडा). नंतर अंथरुणात दुसऱ्या पायरीतला श्वास. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून जाग येणं आणि दिवसा पेंग येणं, हे तिन्ही असेल तर झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची तपासणी करा. तो असताना चरबी कमी करणं फार जड जातं.

पुढे काय दिसेल

पहिल्या पंधरवड्यात बहुधा झोप सुधारते. पाच-सहा आठवड्यांनी जिना चढताना फरक कळतो. घेर त्यानंतर हलतो, कधीकधी वजन तेच राहून. मध्येच आठ-दहा दिवस खंड पडला तर वाढीव सूर्यनमस्कार घालून भरपाई करू नका. पहिल्या दिवशी आडवं पडून दहा मिनिटं श्वास आणि शवासन, दुसऱ्या दिवसापासून नेहमीचा क्रम.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा टेप घ्या. तीच वेळ, तीच जागा, श्वास सोडून झाल्यावर. घेर दोन सेंटिमीटरने जरी उतरला असेल तरी वाट बरोबर आहे, तोच क्रम चालू ठेवा. अजिबात हलला नसेल तर वही उघडा आणि आधी झोपेचे आकडे बघा, मग बसून काढलेले तास, मग जेवणाचा वेग आणि ताट. आसनांचा वेळ वाढवायचा तो सगळ्यात शेवटी.